मसण्याऊदाचं पोट आणि माझं तोंड

आमच्या लॅबमध्ये रिकाम्या हाताने कुणी येत नसे. दुधाच्या किटलीच्या झाकणात, खताच्या गोणीच्या तुकड्यात, जे हाताला लागेल त्यात गुंडाळून लोक शेण आणायचे. एका दिवाळीत पिंपळवंडीच्या एका गृहस्थांनी मिठाईचा खोका टेबलावर ठेवला. वर रंगीत दोरी. "कशाला उगाच," असं तोंडदेखलं म्हणत मी तो शिपायाच्या हाती दिला. त्याने मोठ्या आशेने उघडला, तर आत म्हशीचं शेण.

"दुसरं काय गावलं न्हाई बाई," गृहस्थ म्हणाले, "पर खोका कोरा हाय, पुसून बिसून घेतलाय."

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. सगळी नोकरी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गेली. हुद्दा बोलायला अवघड म्हणून लोकांनी माझं नाव सोपं करून घेतलं, 'शेणबाई'. बाजारात भाजी घेताना मागून हाक यायची, "ओ शेणबाई, आमच्या गायीचं काय झालं?" सोबतच्या मुलीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला मात्र काही वाटत नसे. दोन तालुक्यांत नावाने ओळखली जाणारी दुसरी टेक्निशियन कोण होती, सांगा बरं.

घरी मात्र पंचाईत होती. आमचं घर कापडाच्या व्यापारातलं, जैन, पिढ्यान् पिढ्या मंचरला राहिलेलं. पाणीसुद्धा गाळून प्यायचं. आणि सून काय करते, तर एका थेंबात जंतांची अंडी किती आहेत ते बघते आणि त्यांना मारायचं औषध कोणतं ते डॉक्टरांना कळवते. सासूबाई मला म्हणायच्या, "तू बघत जा, पण मला सांगत जाऊ नकोस." संध्याकाळी मी आले की आधी न्हाणीघर, मग बाकीचं घर. पस्तीस वर्षं आमचा हा तह टिकला.

काम तसं साधं. शेण पाण्यात कालवायचं, चहाच्या गाळणीने गाळायचं, मग साखरेच्या दाट पाकात मिसळून ठेवायचं. जंतांची अंडी हलकी, ती वर तरंगतात. वरचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दिसतात. कोणतं अंडं कोणत्या जंताचं ते एकदा डोळ्यांत बसलं की विसरत नाही. साखरेमुळे लॅबमध्ये मुंग्या फार व्हायच्या, एवढाच त्रास.

उसात बिबटे वाढले तशी वनखात्याची माणसंही आमच्याकडे यायला लागली. जंगली जनावराची विष्ठा सापडली की ती आणायची आणि विचारायचं, बाई, ह्याने काय खाल्लंय, ह्याला काय झालंय. त्यांतले वनरक्षक दत्ताभाऊ तर कायमचेच. एकदा त्यांनी पेठच्या माळावरून विष्ठा आणली आणि ती नेमकी आम्ही गावात शेळ्यांना जंताचं औषध पाजत होतो तिथे, भर गर्दीत, माझ्यापुढे धरली.

ती होती हनी बॅजरची. पुस्तकात त्याला चांदी अस्वल म्हणतात. पाठ राखाडी-पांढरी, पोट काळंभोर, पाय आखूड, नखं लांब. आपल्या लोकांना तो सहसा दिसत नाही आणि म्हणून त्याला धड एक नावही नाही. पेठकडे त्याला मसण्याऊद म्हणतात, जे नाव दुसरीकडे उदमांजराला लावतात.

मी तोवर तो प्राणी जन्मात पाहिला नव्हता. पण भोवती माणसं जमली होती, शेळ्या ओरडत होत्या, माझ्या हातात चहा होता, आणि माझी जीभ वळवळली.

"मसण्याऊद का म्हणतात ठाऊक आहे का? मसणात जाऊन उकरतो म्हणून. पुरलेलं काढून खातो."

बायकांनी 'अगं बया' केलं. पोरं एकमेकांना ढकलून हसली. मी ही माहिती लहानपणी कुणाच्या तरी ओट्यावर ऐकली होती, त्यापलीकडे तिला काडीचा आधार नव्हता. पण सांगताना मी अगदी सरकारी आवाजात सांगितली.

पुढे वर्षभरात मढ गावच्या बाजूला तसाच एक प्राणी मरून पडलेला मिळाला. तिथली कुत्री आधी महिनाभर मरत होती, नाकातून पाणी, डोळ्यांत चिपडं, अंगाला झटके. कुत्र्यांचा तो रोग जंगली जनावरांत शिरला की काय, अशी शंका होती. वनखात्याच्या माणसांसमोर आमच्या डॉक्टरांनी शव उघडलं. नमुने पुण्याला गेले. उत्तर आलं ते 'नमुना तपासणीयोग्य नाही' असं. उन्हात फार वेळ पडला होता बिचारा. तो कशाने मेला ते मला आजही माहीत नाही, आणि ही रुखरुख राहिली.

पण पोटातलं सगळं माझ्याकडे आलं होतं. मी दोन दिवस ते धूत, वाळवत, वेगळं करत बसले. ओढ्यातल्या खेकड्यांची कवचं. भुंगेऱ्यांचे पंख. घुशीचे दात. विंचवाची नांगी, ती पण दोन. मेणाचे गोळे, त्यात मधमाश्यांच्या अळ्या. बोरांच्या आठळ्या. आतड्यात गोल जंत होते, चपटे जंत होते, कानामागे गोचिडं डसलेली. एवढे पाहुणे पोसूनही गडी अंगाने भरलेला होता. ओल्या उकिरड्यातल्या हुमणीच्या अळ्या तर त्याने मूठभर खाल्ल्या होत्या, ज्या अळ्या आपल्याकडे उसाची मुळं फस्त करतात. मी मनात म्हटलं, हा तर शेतकऱ्याचा जावई व्हायच्या लायकीचा आहे. मसणातलं मात्र त्याच्या पोटात काही नव्हतं.

तेव्हा मला पेठचं माझं भाषण आठवलं का? आठवलं. पुन्हा जाऊन 'मी चुकले होते' असं सांगावंसं वाटलं का? नाही वाटलं. कोण लक्षात ठेवतंय, असं म्हणून मी फाईल बंद केली.

त्यानंतरच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी लॅब उघडत होते तर दारात एक साठीची बाई बसलेली. नऊवारी, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. हातात प्लास्टिकची पिशवी, तिला तीन गाठी मारलेल्या.

"शेणबाई तुमीच ना? मी पेठची हौसाबाई. ह्यात माणसाचं काय हाय का, तेवढं बघा."

मी तिला आत बसवलं. पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. मग एकेक शब्द तोडून सांगितलं. सुनेला, सोनालीला, जानेवारीत पहिली मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. आपल्याकडे एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्यांनीही शेताच्या बांधाला, ओढ्याच्या अंगाला पुरलं. वर दगड रचले. आणि परवा सकाळी बघतात तर दोन दगड सरकलेले, माती उकरलेली, आणि शेजारी ही विष्ठा.

"तवापास्नं पोरगी पान्याला शिवली न्हाई बाई. बांधावर जाऊन बसती. म्हनती, माझं लेकरू खाल्लं त्यानं. लेक माझा, संतोष, त्यानं अंड्यांत औषीद भरून ठिवलंय, आज दिस बुडायच्या आत ठिवतो म्हनला. मी म्हनलं, आरं, पर आधी बघू तरी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमीच म्हनला व्हता ना, शेळ्यांच्या दवाच्या दिशी? पुरल्यालं काढून खातो म्हून?"

मला वाटलं, आत्ता ही बाई मला चार शिव्या देईल तर बरं होईल. पण ती रागाने विचारत नव्हती. सरकारी बाई बोलली म्हणजे खरंच असणार, अशा विश्वासाने विचारत होती.  मी पिशवीच्या गाठी सोडवत बसले.

"काय काय होतं बाळाच्या अंगावर?" मी विचारलं.

"काय न्हाई. एक पांढरं फडकं. आन् मनगटाला काळ्या मन्यांची दोरी, ती मी राहू दिली. दिष्ट लागू नये म्हून बांधली व्हती, मग काय काढायची."

मी विष्ठा गाळणीत धुतली. हौसाबाई स्टूल ओढून माझ्या कोपराशी बसली. एरवी मी कुणाला एवढं जवळ येऊ देत नाही, तिला ऊठ म्हणवेना. धुतलेलं पांढऱ्या बशीत पसरलं. पंख, कवचं, केसांचे पुंजके. चिमट्याने एकेक बाजूला करत होते आणि मध्येच बशीच्या कडेला काहीतरी चमकलं. काळं, गोल, गुळगुळीत.

हौसाबाईने माझं मनगट धरलं.

 मी ते भिंगाखाली घेतलं. मण्याला आरपार भोक असतं. मी सुईने उलटवलं, पालटवलं. भोक नव्हतं. खालच्या बाजूला दोन मिशा होत्या आणि तोंड होतं. भुंगेऱ्याचं डोकं होतं ते.

"किडा आहे मावशी," मी म्हणाले. "बघा, हे त्याचं तोंड." तिला भिंगातून दाखवलं. तिला काय दिसलं कोण जाणे, पण तिने माझा हात सोडला. वळ उठले होते.

मग केस. उंदीर-घुशीच्या केसात मध्ये शिडीसारख्या पायऱ्या दिसतात, माणसाच्या केसात तशा दिसत नाहीत. मी शेजारी माझ्याच डोक्यातला एक केस ठेवून पुन्हा पुन्हा पडताळलं. सगळे पायऱ्यांचे होते. फडक्याचा एक धागा नव्हता.

आता इथे मला 'जा मावशी, काही झालेलं नाही' असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. विष्ठेत सापडलं तर खाल्लं, हे पक्कं. सापडलं नाही तर खाल्लंच नाही, असं मात्र म्हणता येत नाही. तो प्राणी दिवसातून चार ठिकाणी विष्ठा टाकतो. ही पिशवी म्हणजे त्याच्या चार जेवणांतलं एक. एकदा मी पेठला ऐकीव बोलले होते, आता दुसऱ्यांदा अर्धवट बोलायची माझी छाती झाली नाही. मी डॉक्टरांना सांगितलं, मला जायला हवं. त्यांनी दत्ताभाऊंना फोन लावला. दुपारी हौसाबाई, दत्ताभाऊ आणि मी वनखात्याच्या जीपमधून पेठला निघालो.

सोनाली बांधावर होती. जेमतेम तेवीस-चोवीसची. ओठ सुकून फुटलेले. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संतोष उभा होता, त्याच्या पायाशी झाकलेली टोपली.

दत्ताभाऊ खड्ड्यापाशी उकिडवे बसले. "बाई, हे बघा. सरळ खाली न्हाई गेल्यालं. तिरकं गेलंय."

खरंच, खड्डा दगडांच्या कडेने सुरू होऊन बांधाच्या पोटात शिरला होता. नखांचे लांब ओरखडे होते. तोंडाशी घुशीचं बीळ, कुरतडलेली मुळं, आणि थोडे केस, मी सकाळी पाहिले तसेच. तो घुशीच्या मागे आला होता आणि दगड त्याच्या वाटेत आले होते.

"घूस धरली त्यानं," दत्ताभाऊ संतोषला म्हणाले. "खाली गेलाच न्हाई त्यो."

"कशावरनं?" संतोष म्हणाला. "आतून वळला आसंल तर?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं.  मग मीच विचारलं, "पुरताना वर काय घातलं होतं?"

"मीठ," हौसाबाई म्हणाली. "खडं मीठ. खाली बी आन् वर बी. पाच किलोची पिशवी आक्खी वतली. आमच्यात घालत्यात."

घालतात, हे मलाही माहीत होतं. रोगाने मेलेलं जनावर आम्हीसुद्धा मीठ आणि चुना घालून पुरायला सांगतो. जानेवारीनंतर पावसाचा थेंब नव्हता. मातीच्या ओलीने एवढ्या दिवसांत वरचं मीठ घट्ट जमून आलं असणार. त्याला जर कुणी हात लावला असेल तर ते मोडलेलं दिसेल. आणि मोडलं नसेल, तर खाली कुणी गेलेलं नाही. ह्याच्यापुढे माझ्या सूक्ष्मदर्शकाची काही मातब्बरी नव्हती.

"फक्त मिठापर्यंत बघायचं," मी म्हणाले. "त्याच्या खाली नाही. पण हे तुम्ही ठरवायचं."

हौसाबाईने सुनेकडे पाहिलं. सोनाली पहिल्यांदा बोलली. "बगा. बगितल्याबिगर मी हितनं उटत न्हाई."

संतोषने खुरपं घेतलं. थोडं उकरलं आणि खुरपं टाकून हातानेच माती काढायला लागला. गुडघाभर खाली गेल्यावर त्याचा हात थांबला. त्याने फुंकर मारून माती उडवली. मीठ होतं. मळकट पांढरं, घट्ट, थापल्यासारखं. त्याने कडेकडेने चारी बाजू मोकळ्या केल्या. कुठे चीर नव्हती, कुठे नखाची रेघ नव्हती. ओतून वरून थापलं होतं तेव्हाचा हाताचा पंजा त्यात तसाच उमटलेला होता.

"माजा हात हाय ह्यो," संतोष म्हणाला.

सोनाली पुढे सरकली. वाकून तिने त्या पंजावर आपला तळवा ठेवला आणि मग तिला रडू फुटलं. तीन दिवस न आलेलं रडू. हौसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "हाय गं, हाय. निजलीया ती. कुनी न्हाई उटीवलं." मी कोरडी राहिले असं नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्या सुटकेचीच मला लाज वाटली.

संतोषने माती लोटली, दगड पुन्हा रचले, आणखी मोठे आणून घातले. दत्ताभाऊंनी टोपलीतली अंडी मोजून ताब्यात घेतली. एकही बाहेर गेलेलं नव्हतं. ते खाऊन पहिलं कोण मेलं असतं, गावातली कुत्री की ओढ्यावर खेळणारी पोरं, कुणास ठाऊक.

मग मी सोनालीसमोर बसले. "पोरी, त्या दिवशी मी जे बोलले ना, ते मी पाहिलेलं नव्हतं. ऐकलेलं होतं. पुढे मला कळलं की तो खेकडे खातो, घुशी खातो, मध खातो. तरी मी येऊन सांगितलं नाही. हे तीन दिवस तुला माझ्यामुळे गेले."

ती डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिली. मी क्षमा मागत होते, आणि ती द्यावी की नाही ह्याचा ती खरंच विचार करत होती. ते मला बरं वाटलं. लगेच 'जाऊ द्या बाई' म्हणाली असती तर मला झेपलं नसतं.

"आता येऊन सांगितलं ना," ती शेवटी म्हणाली.

घरी आल्यावर हौसाबाईने पाणी तापवलं. बांधावरून आलेल्या सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, माझीसुद्धा. तोवर ऊन कलायला लागलं होतं. दत्ताभाऊ जीपपाशी घाई करत होते. "बाई, निघू या. मंचरला जाईस्तवर दिस बुडंल. मग तुमचं जेवान ऱ्हाईल."

"म्हंजे?" सोनालीने विचारलं.

"बाई जैन हायेत. दिस बुडल्यावर खात न्हाईत."

सोनालीने दारातून आभाळाकडे पाहिलं. ओले केस तसेच बांधले आणि चुलीकडे गेली. "कांदा-लसूण बी चालत नसंल ना? पिटलं टाकते. भाकरी व्हत्यात लगीच. आमच्या दारातनं उपाशी जाऊ नका."

हौसाबाई उठू लागली तशी मी तिला डोळ्याने बसवलं. तीन दिवस जागची न हललेली पोरगी पीठ मळत होती. भाकरीच्या थापेचा आवाज त्या घरात सुरू झाला.

ताट पुढे आलं तेव्हा मी म्हटलं, "मी एकटी नाही जेवणार. तू बस."

"माजी इच्छा न्हाई बाई."

"मग मलाही नको. राहीन उपाशी, एका रात्रीने काय होतं."

 दारातलं ऊन उंबऱ्यावरून भिंतीवर चढलं होतं. शेवटी तिने स्वतःसाठी थाळी ओढली आणि पहिला घास घेतला. तो गिळायला तिला फार वेळ लागला. मग दुसरा. मग अर्धी भाकरी संपली आणि तिने आपणहून पिठलं वाढून घेतलं. संतोष दाराबाहेर पाठ करून बसला होता, पण त्याचं लक्ष आतच होतं. भिंतीवरचं ऊन नाहीसं झालं. मला ते दिसलं. दत्ताभाऊंनाही दिसलं, त्यांनी दारातून मान आत घातली आणि माझ्याकडे बघून परत गेले. माझ्या ताटात चतकोर उरला होता. मी हात आखडला असता तर तिनेही आखडला असता. ती दुसरी भाकरी मोडत होती. मी तो चतकोर बारीक बारीक तुकडे करून तिच्या बरोबरीने शेवटपर्यंत खाल्ला.

घरी पोचले तेव्हा सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. मी न्हाणीघरात गेले नाही, सरळ त्यांच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं. दिवस मावळल्यावर मी जेवले, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच. आणि त्यांनी न विचारताही, का जेवले ते.

त्यांनी माळ थांबवली नाही. मणी सरकत राहिले. त्यांनी विचारलं, "ती किती जेवली?"

"दोन भाकऱ्या."

"मग बस झालं," त्या म्हणाल्या. "जा, पाय धू."